पेटंट संपले, तरी कृती हाती लागत नाही

९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला आणि यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या एका औषधाची किंमत पार कोसळली. बायर या जर्मन कंपनीच्या सोराफेनिबच्या गोळ्यांसाठी रुग्णाला महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये मोजावे लागत होते. पेटंट नियंत्रकांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना हैदराबादच्या नाटको कंपनीला दिला, विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी बायरला द्यावी अशी अट घातली आणि महिन्याच्या १२० गोळ्या ८,८८० रुपयांपेक्षा महाग विकता येणार नाहीत असे बजावले. बायर न्यायालयात गेली, पण परवाना टिकला. या प्रकरणावर पेटंटच्या अंगाने भरपूर लिहिले गेले. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी गृहीतच धरली, म्हणून तिची फारशी चर्चा झाली नाही. नाटकोला हे औषध करायला बायरकडून काहीच शिकायचे नव्हते. रेणूची रचना छापून प्रसिद्ध झालेली होती आणि तो घडवण्याचे रसायनशास्त्र भारतीय कंपन्यांच्या हातात मुरलेले होते. अडसर फक्त कायद्याचा होता. तो दूर झाला आणि औषध बाजारात आले.

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच कर्करोगाच्या दुसऱ्या एका औषधाबाबत हा अडसर आपणहून दूर झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये रोश कंपनीने ट्रॅस्टुझुमॅबचे, म्हणजे हर्सेप्टिनचे, भारतातले पेटंट सोडून दिले. स्तनाच्या कर्करोगाच्या एका आक्रमक प्रकारात हे औषध जीव वाचवते. सोराफेनिबचा हिशेब लावला तर पाठोपाठ अनेक कंपन्यांनी ते करायला घ्यायला हवे होते आणि किंमत विसाव्या-तिसाव्या हिश्शावर यायला हवी होती. प्रत्यक्षात २०१४ च्या सुरुवातीला बायोकॉन या भारतीय कंपनीचे एक औषध आले. तेही मायलन या अमेरिकी कंपनीबरोबर २००९ पासून चाललेल्या कामाचे फळ होते, आणि त्याची किंमत रोशच्या औषधापेक्षा जवळपास पाव हिश्शानेच कमी होती. रोशने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, पण त्यात पेटंटचा मुद्दा नव्हता. ‘आमच्यासारखे’ म्हणवून घेण्याइतका पुरावा या औषधापाशी आहे का, असा तो वाद होता. या दोन प्रकरणांत एवढा फरक का पडला, याचे उत्तर औषधधंद्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे. तो इतिहास असे सांगतो की रासायनिक औषधाच्या स्पर्धेचे कुलूप कायद्याने उघडते, जैविक औषधाचे मात्र कृतीचे ज्ञान हाती आल्याशिवाय उघडत नाही. हे ज्ञान जेव्हा जेव्हा एका हातातून दुसऱ्या हातात गेले, तेव्हा जैविक औषधही स्वस्त झाले. ते कंपनीच्या भिंतीआड राहिले तिथे पेटंट संपूनही रुग्णाच्या पदरात थोडेच पडले.

आधी या दोन प्रकारच्या औषधांमधला फरक नीट पाहू. ॲस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू असतात. ते कसे जोडलेले आहेत हे कागदावर दाखवता येते, आणि तसे जोडले की ते ॲस्पिरिनच असते, मग कारखाना लेव्हरकुसेनचा असो की अंकलेश्वरचा. ट्रॅस्टुझुमॅब हे जैविक औषध, एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. त्याचा रेणू ॲस्पिरिनच्या सुमारे आठशे पट जड. तो प्रयोगशाळेत जोडता येत नाही, जिवंत पेशींकडून तयार करून घ्यावा लागतो. या पेशी म्हणजे १९५७ मध्ये एका चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून वेगळ्या केलेल्या पेशींचे वंशज. त्यांत हवे ते जनुक घालायचे, हजारो पेशींमधून भरपूर उत्पादन देणारी एक निवडायची, तिची संतती अतिथंड तापमानात साठवून ठेवायची, आणि मग पोलादी टाक्यांत तिला ठरलेले खाद्य, ठरलेला प्राणवायू, ठरलेले तापमान देत वाढवायचे. पेशी प्रथिन तर बनवतातच, शिवाय त्याला साखरेच्या साखळ्याही जोडतात, आणि या साखळ्या तापमान किंवा खाद्य जरा बदलले तरी बदलू शकतात. म्हणून एकाच कंपनीच्या एकाच टाकीतले सगळे रेणूसुद्धा तंतोतंत एकसारखे नसतात. मूळ पेशींचा तो साठा हेच या धंद्याचे विरजण. दुधाचे सगळे गुणधर्म ठाऊक असूनही दुसऱ्याच्या घरचे विरजण मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि हे विरजण कोणी देत नाही. पेटंटच्या कागदात जनुकाचा क्रम असतो. पेशींचा साठा, टाकीची वेळापत्रके आणि शुद्धीकरणाचे बारकावे मात्र त्यात नसतात.

जिवंत वस्तूपासून होणारे प्रत्येक औषध या प्रकारात मोडते असेही नाही. पेनिसिलिन बुरशीपासून होते, पण त्याचा रेणू छोटा आहे आणि त्याची रचना पुरती ठाऊक आहे. टाकीतून बाहेर काढून शुद्ध केले की ते पेनिसिलिन आहे की नाही हे तपासून सांगता येते. म्हणूनच १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलिनचे उत्पादन उभे राहू शकले. याच पायावर १९७० च्या पेटंट कायद्याने मोठी झेप घेऊ दिली. एप्रिल १९७२ पासून लागू झालेल्या या कायद्याने औषधाच्या पदार्थावरचे पेटंट बंद केले, फक्त ते करण्याच्या पद्धतीवर ठेवले, आणि त्याचीही मुदत तोकडी केली. एकच रेणू दुसऱ्या वाटेने घडवला की तो कायदेशीर ठरला. अय्यंगार समितीने पुढे ठेवलेल्या विचारातून आलेल्या या कायद्यामुळे मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद इथल्या रसायनशास्त्रज्ञांपुढे पर्यायी वाटा शोधण्याचे काम आले आणि त्यात ते जगात अव्वल ठरले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरच्या तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले, तेव्हा बड्या कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. जेनेरिक औषधांची ही कीर्ती खरी आहे. पण त्या यशाची एक अट होती. औषध हातात आले की त्याची पर्यायी कृती रसायनशास्त्रज्ञाला शोधून काढता येत असे. कायद्याने कृतीवरचे पेटंट ठेवून पदार्थ मोकळा केला, तो याच भरवशावर.

जैविक औषधांची कहाणी मात्र याच मुंबईत १९७० च्या कायद्याच्या पाऊण शतक आधी सुरू झाली होती. १८९६ मध्ये प्लेग आला. सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना कोलकात्याहून बोलावून घेतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस स्वतःलाच टोचून घेतली. ही लस कशी तयार होत होती ते मुद्दाम जवळून पाहण्यासारखे आहे. चंबूत मांसरस घ्यायचा, त्यावर साजूक तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि त्यांच्या बारीक लोंब्या खाली रसात लटकत. चंबू हलवला की त्या तुटून तळाशी बसत आणि वर नवा वाढावा धरे. पुरेसे जंतू जमले की ठरावीक तापमानाला तापवून ते मारायचे. तुपाचा थेंब असावा की नसावा, चंबू किती दिवसांनी हलवावा, किती तापवावे, हे सगळे मिळूनच ती लस बनत होती. तयार द्रव हातात घेऊन त्यात नेमके काय आहे हे सांगण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते. पण ही कृती हाफकिन यांनी प्रसिद्ध केली होती, ती सरकारी प्रयोगशाळेत चालत होती, आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हललेल्या या प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ या काळात दोन कोटी साठ लाखांच्या आसपास डोस बाहेर पडले. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचेच नाव दिले गेले.

या औषधांची दुसरी बाजूही त्याच काळात उघडी पडली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची जुनी पद्धत सोडून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशीत ठपका या बदलावर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली गावातच, उघडताना दूषित झाली होती, ही बाजू पुढे आली आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांची निर्दोषता मांडली. अमेरिकेतही आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये, सेंट लुइस शहरात घटसर्पावरचे रक्तजल धनुर्वाताने दूषित निघाले आणि १३ मुले मेली. ते रक्तजल जिम नावाच्या घोड्यापासून काढलेले होते. त्यातून जुलै १९०२ मध्ये अमेरिकेत जैविक पदार्थांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पदार्थ तपासून पुरेसे काही कळत नाही, म्हणून त्या कायद्याने तो जिथे तयार होतो त्या जागेलाच परवाना घ्यायला लावला. रासायनिक औषधांचा कायदा १९०६ मध्ये वेगळा झाला. तिथून दोन वाटा फुटल्या. पुढे जेनेरिक औषधांचे सारे राजकारण दुसऱ्या वाटेवर घडले आणि बहुतेक जैविक औषधे पहिल्याच वाटेवर राहिली.

जैविक औषधाच्या कृतीचे मोल काय असते, हे टोरांटोच्या इतिहासातून कळते. १९२१ च्या अखेरीस आणि १९२२ च्या सुरुवातीला बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप या शास्त्रज्ञांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे केले. शुद्धीकरण कॉलिप यांनी साधले होते. काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणावर करायला गेल्यावर त्यांनाच ते जमेनासे झाले आणि १९२२ च्या वसंत ऋतूत रुग्णांना देण्यापुरतेही प्रभावी इन्शुलिन टोरांटोत उरले नव्हते. ज्याने कृती शोधली त्याच्याच हातून ती निसटली. कागदावर सगळे होते, तरी हे घडले. पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देण्यात आले. विद्यापीठाने ते वापरले ते परवान्यांतून शिस्त आणण्यासाठी. एलाय लिली कंपनीशी करार करून सुधारणांची माहिती विद्यापीठाकडे येईल अशी सोय केली गेली. डेन्मार्कहून आलेल्या ऑगस्ट क्रोग यांना परवानगी दिली आणि १९२३ मध्ये कोपनहेगनजवळ इन्शुलिन तयार होऊ लागले. बॅचची ताकद तपासण्याची जबाबदारीही विद्यापीठाच्या समितीने घेतली. परवाना, कृतीची देवाणघेवाण आणि बॅचची तपासणी ही तिन्ही सूत्रे एकाच सार्वजनिक संस्थेच्या हाती राहिली, म्हणून एक जैविक औषध दोन वर्षांत दोन खंडांवर तयार होऊ लागले. आजच्या वादांत या उदाहरणाची फारशी आठवण कोणी काढत नाही.

१९८२ मध्ये जनुकबदल केलेल्या जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या मानवी इन्शुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जैविक औषधांचे नवे युग सुरू झाले. दोनच वर्षांनी तिथे हॅच-वॅक्समन कायदा झाला. त्याने जेनेरिक कंपनीला मोठ्या चाचण्या पुन्हा करण्यापासून सूट दिली. दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तात औषध मूळ औषधाइतकेच पोहोचते हे दाखवले की पुरे. आज अमेरिकेतल्या दहापैकी नऊ चिठ्ठ्यांवर जेनेरिक औषध दिले जाते ते या कायद्यामुळे. बहुतेक जैविक औषधे १९०२ च्या वाटेवरची असल्याने ती या सुटीबाहेर राहिली. युरोपने २००६ मध्ये पहिले बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतेजुळते दुसऱ्या कंपनीचे औषध, मान्य केले. अमेरिकेला त्यासाठीचा कायदा करायला २०१० उजाडले, आणि त्यातही मूळ औषधाला बारा वर्षांचे वेगळे संरक्षण देण्यात आले, जिथे नव्या रासायनिक औषधाला पाच वर्षे मिळतात. हुमिरा या संधिवातावरच्या औषधाभोवती शंभराहून जास्त पेटंट रचली गेली. त्यांतली कितीतरी ते करण्याच्या, मिसळण्याच्या आणि वापरण्याच्या पद्धतींवर होती. युरोपात ऑक्टोबर २०१८ मध्ये चार स्पर्धक एकदम आले आणि सरकारी निविदांमुळे मूळ कंपनीला काही देशांत ८० टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी लागली. अमेरिकेत २०१६ मध्येच मान्यता मिळालेल्या स्पर्धकाला जानेवारी २०२३ पर्यंत थांबावे लागले. इन्शुलिनच्या बाबतीत औषधविक्रेत्याला डॉक्टरला न विचारता बदलून देता येईल असे पहिले बायोसिमिलर अमेरिकेने जुलै २०२१ मध्ये मान्य केले, आणि ते बायोकॉन व मायलनचेच होते. टोरांटोच्या शोधाला तेव्हा शंभर वर्षे होत आली होती.

यावर पहिला आक्षेप भारतीय वाचकाच्याच मनात येईल. कृती कोणी शिकवली नाही म्हणून आपण थांबलो का? नाही थांबलो. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टपासून हेपटायटिस-बीची लस तयार केली आणि आयात लसीच्या किमतीच्या अगदी लहान अंशात ती विकली. २००३ मध्ये वॉक्हार्टने आणि २००४ मध्ये बायोकॉनने मानवी इन्शुलिन आणले. २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड आणले. या कंपन्यांचे कर्तृत्व कोणी कमी लेखू नये. पण या यादीचा क्रम पाहिला तर तीच माझ्या मुद्द्याची साक्ष देते. रेणू जितका साधा तितका स्पर्धकांचा शिरकाव सोपा आणि किंमत तितकी खाली. यीस्टमध्ये तयार होणाऱ्या लसीच्या प्रथिनात किंमत कोसळली, इन्शुलिनमध्ये बऱ्यापैकी उतरली, प्रतिपिंडांत उतार मंद राहिला. एक रासायनिक जेनेरिक उभे करायला काही दशलक्ष डॉलर आणि दोन-तीन वर्षे लागतात. पाश्चात्त्य बाजारपेठांसाठी बायोसिमिलर उभे करायला शंभर ते तीनशे दशलक्ष डॉलर आणि सात-आठ वर्षे लागतात, असा या धंद्यातला सर्वसाधारण अंदाज आहे. एवढे भांडवल मोजक्याच कंपन्यांकडे असते, आणि मोजक्याच कंपन्या मैदानात असल्या की किंमत एका मर्यादेखाली जात नाही. प्रत्येकाने बंद दाराआड तीच कृती नव्याने शोधायची, याचा खर्च शेवटी रुग्णाच्याच बिलात लागतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो सुरक्षिततेचा आहे. जिवंत पेशींच्या औषधात बारीक बदलही जिवावर बेतू शकतो, तेव्हा स्पर्धकांना सैल सोडणे धोक्याचे नाही का? याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एप्रेक्सचे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी दिल्या जाणाऱ्या या औषधात १९९८ मध्ये स्थिरता राखणारा मानवी अल्ब्युमिन काढून दुसरा घटक घातला गेला. त्यानंतर काही रुग्णांच्या शरीराने औषधाविरुद्धच नव्हे तर स्वतःच्या संप्रेरकाविरुद्धही प्रतिपिंडे तयार केली, आणि त्यांच्यात तांबड्या पेशी बनणेच थांबले. नव्या घटकामुळे सिरिंजच्या रबरी दट्ट्यातून काही द्रव्ये औषधात उतरली, हा मुख्य संशय होता. दट्ट्यांना लेप दिला आणि हे औषध त्वचेखाली टोचणे बंद केले, तसे रुग्ण कमी झाले. हे उदाहरण बायोसिमिलरविरुद्ध नेहमी दिले जाते. पण हा बदल कोणा स्पर्धकाने केला नव्हता, मूळ कंपनीनेच केला होता. मूळ औषधांच्या कारखान्यांत पेशींचे खाद्य, गाळण्या, टाक्या अनेकदा बदलल्या जातात, आणि दर वेळी जुने व नवे उत्पादन बारकाईने ताडून पाहून औषध नियंत्रक मान्यता देतात. हजारो रुग्णांवर नवी चाचणी दर वेळी मागितली जात नाही. म्हणजे ताडून पाहण्याचे शास्त्र विश्वासार्ह आहे, हे नियंत्रकांनी मूळ कंपन्यांपुरते केव्हाच मान्य केलेले आहे. तोच न्याय स्पर्धकालाही लागू व्हायला हवा. ब्रिटनच्या नियंत्रकांनी २०२१ मध्येच परिणामकारकतेच्या मोठ्या चाचण्या बहुतेक बायोसिमिलरना गरजेच्या नाहीत असे ठरवले, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही त्याच दिशेचा मसुदा काढला. मुलकोवाल आणि एप्रेक्स यांचा धडा एकच आहे. बॅच नीट तपासा, बदल लपवू नका, रुग्णांवर लक्ष ठेवा. मक्तेदारी राखा, असा धडा त्यांतून निघत नाही.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. कृतीचे ज्ञान कंपनीने कष्टाने आणि भांडवलाने कमावलेले असते, ते इतरांना का द्यावे? पेटंटमागचा मूळ करारच याचे उत्तर देतो. समाज काही वर्षांची मक्तेदारी देतो आणि बदल्यात शोध इतरांना वापरता येईल इतका उघड करण्याची अपेक्षा ठेवतो. रासायनिक औषधात हा करार पुरा होतो, कारण मुदत संपली की कोणीही ते करू शकतो. जैविक औषधात कंपनी मक्तेदारी पुरेपूर उपभोगते आणि कृती मात्र व्यापारी गुपित म्हणून राखते. एकाच शोधासाठी दोन संरक्षणे मिळतात, आणि दुसऱ्याला मुदतच नाही. म्हणून सोराफेनिबसारखा सक्तीचा परवाना प्रतिपिंडाला दिला तरी अर्धेच काम होईल. कागद हाती येईल, पेशी आणि हातोटी येणार नाही. ज्ञानाचा मोबदला द्यायला हवा हे मान्यच आहे. रॉयल्टी देऊन, करार करून तो देता येतो. मोबदला मिळूनही कायमचे कुलूप लावायचा हक्क मात्र कोणालाच नसावा.

कृती अशी दुसऱ्याला देणे हे स्वप्नरंजन नाही, कारण महाराष्ट्रात ते घडलेले आहे. पूनावाला कुटुंबाच्या घोडेपालनातले निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला रक्तजलासाठी दिले जात. त्यातूनच १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि धनुर्वाताच्या लसीत तिचा हात बसला. आफ्रिकेत ‘ए’ गटाच्या मेनिंजायटिसने १९९६-९७ मध्ये अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार मेले. तिथल्या सरकारांना परवडेल अशी लस बड्या कंपन्या करायला तयार नव्हत्या. पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पाने वेगळी वाट धरली. जंतूचे आवरण धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडण्याची कृती अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सार्वजनिक प्रयोगशाळेतून आली, ती पुण्याच्या शास्त्रज्ञांना शिकवण्यात आली, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीची लस टोचली जाऊ लागली. पुढे ती कोट्यवधी लोकांना मिळाली आणि त्या गटाची साथ जवळपास नाहीशी झाली. कोविडच्या काळात याची दुहेरी परीक्षा झाली. ऑक्सफर्ड आणि ॲस्ट्राझेनेकाने कृती पुण्याला दिली, आणि जानेवारी २०२१ पासून कोविशिल्ड देशभर पोहोचली. मॉडर्नाने ऑक्टोबर २०२० मध्ये साथीच्या काळात आपली पेटंट कोणावर लादणार नाही असे जाहीर केले, पण कृती दिली नाही. केपटाउनच्या शास्त्रज्ञांना ती स्वतःच्या बळावर उभी करावी लागली, आणि २०२२ च्या सुरुवातीला ती प्रयोगशाळेच्या पातळीवर साधली तेव्हा साथीचा सर्वांत वाईट काळ सरत आला होता. एकीकडे पेटंट कायम राहिले आणि कृती मिळाली, दुसरीकडे पेटंट मोकळे झाले आणि कृती मिळाली नाही. लोकांपर्यंत कोणती लस वेळेवर पोहोचली हे सर्वांना ठाऊक आहे.

१९७० चा कायदा ज्यांनी घडवला त्यांनी त्या काळच्या औषधांचे कुलूप नेमके ओळखले होते आणि त्याची किल्ली करून दिली. आजच्या औषधांचे कुलूप वेगळे आहे, आणि जुनी किल्ली अभिमानाने मिरवून ते उघडणार नाही. सरकारी पैशाने झालेल्या संशोधनातून निघालेल्या प्रत्येक जैविक औषधाच्या करारात कृती हस्तांतराची अट असली पाहिजे. सक्तीच्या परवान्याच्या तरतुदीत, रास्त मोबदला देऊन, पेशींचा साठा आणि उत्पादनाची माहिती मागण्याचा अधिकार आला पाहिजे. नियंत्रकांनी अनावश्यक मोठ्या चाचण्या वगळाव्यात आणि त्याऐवजी ताडून पाहणाऱ्या प्रयोगशाळा बळकट कराव्यात. त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण विश्वासाने स्वस्त औषध निवडतील. राज्यांनी प्रतिपिंडांची खरेदी एकत्र निविदा काढून करावी, कारण युरोपात किंमत पाडली ती निविदांनी. आणि परळच्या हाफकिनसारख्या सार्वजनिक संस्थांना केवळ वारसा म्हणून न सांभाळता कृती शिकण्याची आणि शिकवण्याची ठिकाणे म्हणून पुन्हा उभे केले पाहिजे. यांतली एकही गोष्ट विज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. कर्करोगाच्या रुग्णाच्या घरच्यांनी इंजेक्शनसाठी शेत विकायचे की नाही, हे यापुढे रेणूच्या आकारावरून ठरता कामा नये. ते धोरणाने ठरते, आणि धोरण बदलून घेणे आपल्या हातात आहे.